तळाला मुळा

१३ ऑक्टोबर २०२३, शुक्रवार

विद्यापीठातून परतले तेव्हा अंधार पडला होता. जिन्यातच वास आला. लसूण, लाल मिरची, सोयाबीनच्या आंबवलेल्या पाण्याचा खारट-गोडसर वास, आणि या सगळ्याखाली बांगडा. वेंगुर्ल्यात वाढलेल्या माणसाला बांगड्याचा वास जगात कुठेही ओळखू येतो.

यंगदो हे बुसानला पुलाने जोडलेलं बेट. त्याच्या चढावरच्या एका जुन्या इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि घरमालकीण दुसऱ्या. वय ऐंशीच्या पुढे. मी तिला 'हाल्मोनी' म्हणते, म्हणजे आजी. ती मला 'सेदेक' म्हणते, म्हणजे नवी नवरी. लग्नाला आठ वर्षं झाली हे तिला तीनदा सांगून झालंय, पण तिच्या लेखी मी सेदेकच.

तिचं दार उघडं होतं. शेगडीवर पसरट भांडं, त्यात लाल रस फुटफुटत होता. हाल्मोनी चमच्याने रस भरायची आणि त्याच भांड्यात माशावरून सोडायची. भरायची, सोडायची. मी उभी राहिले तेवढ्या वेळात वीसेकदा तरी. "गोदुंगो जोरिम," ती म्हणाली. गोदुंगो म्हणजे इकडचा बांगडा. जोरिम म्हणजे रसात शिजवून, तो रस आटवत आणत केलेला पदार्थ. निघताना तिने वाटी दिली. माशाचा एक तुकडा आणि मुळ्याच्या दोन जाड फोडी.

मासा छान होता. मुळा खाल्ला आणि मी थांबले. आतपर्यंत तांबूस झालेला, जिभेने दाबला तरी तुटेल इतका मऊ, तरी फोड अखंड. लहानपणी सांबाऱ्यातला मुळा ताटाच्या कडेला सारणारी मी. नंतर वाटी परत द्यायच्या निमित्ताने खाली गेले आणि विचारलं, शिकवाल का? ती म्हणाली, आधी स्वतः करून बघ, मग ये.

१४ ऑक्टोबर, शनिवार

उद्या घट बसतात. नऊ दिवस घरात मासळी नाही, म्हणून आजच जागाल्ची बाजार गाठला.

पूल ओलांडला की बाजार जवळच. विकणाऱ्या बहुतेक बायका, रबरी बूट आणि लाल रबरी हातमोजे घातलेल्या. "ओइसो, बोइसो, साइसो" म्हणजे या, बघा, घ्या. बुसानच्या बोलीतले हे तीन शब्द आता बाजाराची ओळखच झाले आहेत. १९५० ते १९५३ या युद्धकाळात बुसान देशाची तात्पुरती राजधानी होती. निर्वासितांचे लोंढेच्या लोंढे या शहरात उतरले, आणि त्यांतल्या कितीतरी बायकांनी इथे मासळी मांडून घरं चालवली. आज बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी काही जणी त्यांच्याच लेकी-सुना असतील.

इथल्या माशाला बांगडा म्हणताना मी थोडी अडखळते. आपला बांगडा वीतभर, अंगाने चपटा, पाठीवर ठिपक्यांची ओळ. हा लांब, गोल अंगाचा, निळ्या-हिरव्या पाठीवर पाण्यावरच्या तरंगांसारख्या काळ्या रेघा. कूळ एक, घराणी वेगळी. बाजूलाच नॉर्वेहून आलेला गोठवलेला मासाही होता. त्याच्या रेघा जास्त ठळक. शरदात इथला मासा चरबी धरतो, पोटाला हात लावला की कळतं. बुसानने २०११ मध्ये हाच मासा शहराचा मासा म्हणून ठरवला, आणि मला ते योग्य वाटतं. मी कल्ला उचलून आत लाल आहे का पाहिलं. विकणारीने काही न बोलता तो बाजूला ठेवला आणि खालच्या पेटीतले दोन काढून दिले.

घरी येऊन मात्र हाताची सवय आड आली. तेल तापवलं, कांदा परतला, त्यात तिखट टाकलं. गोचुगारु, म्हणजे इथलं भरड तिखट, तेलात पडताच काळवंडलं. मग मासा आणि मुळा एकदमच घातले, आणि थोड्या वेळाने मासा उलटायला गेले तर पाठीपासून तुटला. मुळा कच्चा, मासा भुगा. नवऱ्याने पोटभर खाल्लं, पण कालच्या वाटीत होतं ते हे नव्हतं. हा बिघडलेला रस्सा होता.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

नवरात्रात मासा का नाही, असं हाल्मोनीने विचारलं. देवीचे दिवस आहेत म्हटल्यावर तिला फार समजावावं लागलं नाही. इथल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकात मांस-मासळी तर नाहीच, लसूण आणि कांद्याची पातही चालत नाही. तिची थोरली जाऊ मठात जायची, तिथल्या जेवणाच्या आठवणी सांगत बसली.

मासा नाही तर निदान तिखट ओळखून घेऊ म्हणून आज गोचुगारु चिमटीत धरून नीट पाहिली. बिया काढून टाकलेल्या, सालीचे चकचकीत भरड तुकडे. उन्हात वाळवलेल्या मिरचीला इथे 'थेयांगचो' म्हणतात आणि तिला भाव जास्त. रंग भरपूर, चवीला गोडसर, तिखटपणा बेताचा. आपल्या लवंगीपेक्षा ब्याडगीच्या जवळची. म्हणूनच दोन माशांना तीन-चार चमचे तिखट हे प्रमाण ऐकून घाबरायचं कारण नाही.

आणि ही मिरची दोन्हीकडे पाहुणीच. आपल्याकडे ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्याच्या किनाऱ्याला लागली. इथे १६१४ सालच्या 'जिबोंग युसॉल' या ग्रंथात ई सू-ग्वांग या विद्वानाने तिची नोंद केली आहे. जपानहून आली म्हणून लोक तिला जपानी मोहरी म्हणतात, आणि ती विषारी आहे, असं त्याने लिहिलंय. त्याच मिरचीवाचून आज इथलं एक जेवण होत नाही.

२५ ऑक्टोबर, बुधवार

काल दसरा झाला. आज हाल्मोनीकडे. सविस्तर लिहून ठेवते, कारण पुढच्या वेळी हात पुन्हा जुन्या वाटेने जाईल.

सकाळी तिने तांदूळ धुतले. पहिलं पाणी फेकलं, दुसरं धुवण ठेवलं. माशाचे तीन-तीन तुकडे करून, पाठीच्या कण्याशी साकळलेलं रक्त बोटाने खरवडून, ते त्या धुवणात वीस मिनिटं ठेवले. पिठाळ पाणी हिवस ओढून घेतं. आपण मासा धुताना मीठ-हळद चोळतो, आमसुलाचं आगळ लावतो. इथे आंबट काही नाही. मी दोनदा विचारलं, लिंबू? चिंच? तिने दोन्ही वेळा मान हलवली.

मुळा इकडचा, आखूड आणि दंडासारखा जाड, देठाकडे हिरवा. या दिवसांतला मुळा गोड असतो, तो तिने मला कच्चाच खायला लावला. फोडी दीड बोट जाड. मी पातळ कापायला लागले तर सुरी काढून घेतली. पातळ फोड रस पिण्याआधीच विरघळते, म्हणाली. या फोडी तिने भांड्याच्या तळाला अंथरल्या, एकही जागा मोकळी न ठेवता. मासा करपत नाही, तळाला लागत नाही, ते या अंथरुणामुळे.

त्यावर पाणी. साधं नाही, सुक्या मोतियाळीसारख्या बारीक माशांचं आणि कोम्बूसारख्या समुद्री शेवाळाच्या पट्टीचं. इथे त्या पट्टीला दाशिमा म्हणतात. सुक्या मासळीची डोकी आणि पोटं काढायची, नाहीतर पाणी कडवट होतं. उकळी आली की दाशिमा बाहेर, नाहीतर बुळबुळीत.

मसाला वाटीत कालवून आधीच ठेवलेला होता. गोचुगारु तिच्या जेवणाच्या चमच्याने चार, सोया सॉस पाच, ठेचलेला लसूण दोन, आलं नखाएवढं, तांदळाची दारू दोन, हिरव्या मेसिल फळाचा साखरेत मुरवलेला पाक एक, आणि द्वेनजांग अर्धा. द्वेनजांग म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट. ती चवीसाठी कमी आणि हिवस घालवायला जास्त. गोचुजांग, ती लाल गोडसर मिरचीची पेस्ट, तिने घातली नाही. बऱ्याच घरांत घालतात. तिचं म्हणणं, ती घातली की रस जड होतो आणि मुळ्यात शिरत नाही. मला तिचं पटलं. नंतर मी दोन्ही प्रकारांनी करून पाहीन, पण आजचं खाऊन तरी मी तिच्या बाजूची.

अर्धा मसाला मुळ्यावर, झाकण, पंधरा मिनिटं. चॉपस्टिक टोचून पाहिली, अर्धी आत गेली. मग मासा वर मांडला, उरलेला मसाला त्यावर, आणि झाकण काढलं ते शेवटपर्यंत ठेवलंच नाही. पहिली पाच मिनिटं मोठी आच. माशाचा वास आणि दारूची वाफ दोन्ही वर निघून जायला हव्यात. झाकलं तर ती परत भांड्यात पडते. मग आच मध्यम, आणि चमचा.

हे चमच्याचं काम म्हणजेच जोरिम. मासा उलटायचा नाही. रसच उचलून त्याच्या अंगावर सोडत राहायचं. मी किती मिनिटं, किती मिनिटं विचारत होते. तिने भांडं तिरकं केलं. "रस मुळ्याच्या गुडघ्यापर्यंत आला की." आणि मला तिथे आईचा शब्द आठवला, आळणे. रस्सा आळू दे, असं आई म्हणते. आटणं वेगळं आणि आळणं वेगळं. आटताना पाणी कमी होतं. आळताना पाणी कमी होतं आणि उरलेलं दाट होऊन जिनसांना धरतं. कोरियन शिकवणाऱ्या पुस्तकात जोरिमच्या क्रियापदाला मी इंग्रजी अर्थ घोकला होता. मराठीत त्याला शब्द आहे हे आज शेगडीसमोर कळलं.

शेवटच्या पाच मिनिटांत कांद्याचे काप, जाड पातीचे तिरके तुकडे आणि दोन चंगयांग मिरच्या. चंगयांग खरंच तिखट असते.

जेवताना मी माशाकडे हात नेला तर तिने माझ्या भातावर मुळ्याची फोड ठेवली. मग सांगितलं. डिसेंबर १९५० मध्ये उत्तरेतल्या हुंगनम बंदरातून जहाजं भरभरून माणसं दक्षिणेत आणली, त्यांत ती होती, नऊ वर्षांची. आईने पुढे बुसानला मासळीची टोपली घेतली. संध्याकाळी जो मासा विकला गेला नाही तो घरी यायचा. बहुतेकदा एकच, कधी नुसतं डोकं आणि शेपूट. खाणारी सात. मुळा स्वस्त होता. आई भांडं मुळ्याने भरायची आणि वर तो एक मासा ठेवायची. मासा वडिलांना आणि धाकट्याला. बाकीच्यांनी मुळा आणि भात. "आम्ही मासा मुळ्यातून खाल्ला," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. तिने आणखी एक फोड माझ्या भातावर ठेवली.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

कालचं उरलेलं सकाळी न तापवता खाल्लं. रसाचा खरवस झाला होता. मुळा कालच्यापेक्षा चांगला.

आईला फोन केला. आपल्यापेक्षा इथलं घड्याळ साडेतीन तास पुढे, ती नुकती उठली होती. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, "सोलां घातलंस मां?" नाही म्हटल्यावर गप्प. आमसुलाशिवाय बांगडा हे तिला पटणं कठीण आहे.

मलाही सुरुवातीला वाटलं होतं की हे म्हणजे आपलं बांगड्याचं तिखलंच. ओळखीच्या चार जणांना फोटो पाठवला तर चौघांनीही तेच लिहिलं. पण नाही. तिखल्यात सोल आहे, तिरफळ आहे, हळद आहे. रस अंगालगत, आणि मासा हाच मालक. इथे आंबट नाही, गोडाचं एक बोट आहे, आंबवलेल्या सोयाबीनचा खारटपणा आहे, आणि मालकी मुळ्याची. 'आपल्यासारखंच' म्हटलं की शिकणं तिथेच थांबतं. चौदा तारखेला माझा मासा तुटला तो याच समजुतीपायी.

४ नोव्हेंबर, शनिवार

कामासाठी सोलला आले आहे. दुपारी नामदेमुन बाजारातल्या गाल्चीच्या गल्लीत जेवले. अरुंद बोळ, दोन्हीकडे जोरिमची छोटी दुकानं, दारातच शेगड्यांवर चेपलेली पिवळट ॲल्युमिनियमची पातेली. गाल्ची म्हणजे आपला बळा, वाकटी. त्याच कुळातला लांब, रुपेरी, पट्टीसारखा मासा. 'गाल' हा सुरीचा जुना शब्द, म्हणजे नावातच सुरी. आपल्याकडे बळा ताजा खाणारे थोडे, वाळवून वाकट्या करणारे जास्त. इथे जेजू बेटाकडचा गाल्ची चांगलाच महाग मिळतो.

पण मला लिहायचंय ते हाकेबद्दल. शेजारच्या टेबलावरचा पोरगा वाढणारीला "ईमो!" म्हणून हाक मारत होता. ईमो म्हणजे आईची बहीण. खानावळीतल्या बाईला मावशी म्हणायचं! मालवणच्या बाजारात कोळणीला आपण जे म्हणतो तेच. मीही म्हटलं, "ईमो, मुळा अजून थोडा." तिने मुळ्याबरोबर रसही आणला.

१८ नोव्हेंबर, शनिवार

आज हाल्मोनीचं किमजांग. थंडीआधी वर्षाची किमची घालण्याचा दिवस. २०१३ मध्ये युनेस्कोने या प्रथेची नोंद जगाच्या वारशात केली, पण हाल्मोनीला त्याचं काही वाटत नाही. तिला साठ कोबी मिठातून काढायचे होते. मुलगी, सून, समोरची शेजारीण आणि मी. पाठ मोडली.

नव्या किमचीला जागा हवी म्हणून जुना डबा रिकामा केला. तळाशी गेल्या वर्षीची, मुरून मुरून काळसर लाल झालेली, झणझणीत आंबट. हिला मुगुंजी म्हणतात. हाल्मोनीने ती पिळली, मुळ्याच्या जागी भांड्याच्या तळाला अंथरली आणि वर मासा ठेवला. मसाला निम्मा, कारण किमचीतच सगळं आहे.

इतके दिवस मी जे आंबट शोधत होते ते इथे होतं. लिंबात नाही, चिंचेत नाही, वर्षभर मुरलेल्या कोबीत. संध्याकाळी आईला सांगितलं तर म्हणाली, "मगे ठीक."

२५ नोव्हेंबर, शनिवार

जागाल्चीत दोन मासे घेतले आणि भांडं काढायच्या आधी खाली गेले. आज माझ्या हातचं जोरिम, हाल्मोनीने जेवायला यायचं, असं ठरलं होतं. तिने येताना एक छोटी बरणी आणली. "जेपी. आमच्या ग्यंगसांगमध्ये माशावर घालतात. सोलच्या लोकांना जमत नाही." करड्या-हिरव्या पुडीची बरणी मी उघडली.

तिरफळ.

तंतोतंत तेच नाही. लिंबाकडे थोडं जास्त झुकणारं. पण जिभेला ती झिणझिण, नाकात तो रानटी गोडवा. घराच्या मागच्या काटेरी झाडाखाली ओंजळीत गोळा केलेली हिरवी फळं आठवली. नंतर शोधलं तर कळलं, जेपी आणि तिरफळ एकाच वंशातली झाडं, चिनी लोकांच्या सिचुआन मिरीच्या भावंडांतली. आपण काळी बी टाकतो आणि साल वापरतो. इथेही काळी बी टाकतात आणि साल कुटतात. इथे ती लोच माशाच्या सारावर आणि किमचीतही घालतात. महिनाभर 'हे आपलं नव्हे' असं स्वतःला बजावत आले होते. आणि आज आपलंच काहीतरी त्या बरणीतून बाहेर आलं. दोन्ही खरं आहे, आणि मला दोन्ही ठेवायचंय.

हाल्मोनीला मी फोनवर तिरफळाचा फोटो दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला. मग विचारलं, तुमच्याकडे हे कशावर घालतात? म्हटलं, बांगड्यावर. "मग बरोबर," ती म्हणाली.

मुळा दीड बोट जाड कापला. तळ पूर्ण अंथरला. धुवणातला मासा, अर्धा मसाला आधी, पंधरा मिनिटं, मग मासा, झाकण नाही. चाळीस मिनिटं शेगडीसमोर उभी राहून रस उचलत आणि सोडत होते. नवरा दोनदा म्हणाला, बस की आता. रस गुडघ्यापर्यंत आला तेव्हा बंद केलं आणि उतरवल्यावर जेपी भुरभुरली, कारण शिजवली तर वास उडतो असं हाल्मोनीने बजावलं होतं.

तिने आधी मुळा घेतला. चॉपस्टिकने दाबून दोन तुकडे केले, आत रंग कुठवर गेलाय ते पाहिलं, खाल्ला. मी काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही. दुसरी फोड घेतली. मग तिसरी.

आम्ही तिघं जेवलो. रात्री भांडं घासायला घेतलं तेव्हा त्यात माशाचा एक तुकडा उरला होता. मुळ्याची एकही फोड उरली नव्हती.